गुड फ्रायडेचं पहिलं वाचन

ऑगस्टीनच्या जबड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून पाली गावात त्याची चौकशी त्याला सोडून बाकी सगळ्यांकडे होऊ लागली. तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि येणारा-जाणारा कुंपणापाशी थांबून त्याच्या बायकोला, ॲलिसला विचारायचा, "कसा हाय त्यो? जेवतो का नीट?" जणू डॉक्टरांनी ऑगस्टीनचे कानही कापून नेले होते. माणसं वाईट नव्हती. उजवा गाल आत गेलेला, ओठ एका बाजूला ओढलेला, तिथून सारखी लाळ. कुठे बघावं तेच कोणाला कळायचं नाही.

गुड फ्रायडेला चर्चमध्ये बायबलमधलं पहिलं वाचन वर्षानुवर्षं ऑगस्टीनच करायचा. आवाज असा, की शेवटच्या बाकावर पेंगणाराही दचकून उठायचा. कोणी काय वाचायचं ते ठरवायचं काम लॉयडकडे. यंदा तो घरी आला आणि ऑगस्टीनच्या देखत ॲलिसला म्हणाला, "आंटी, अंकलला कशाला त्रास? कॉयरमध्ये गाणारी टॅनिया वाचतेय ना."

"मी वाचीन," ऑगस्टीन म्हणाला. शब्द तोंडातच चेंगरले, पण लॉयडला बरोबर समजलं.

लॉयड गोड मुलगा. त्याने मधला मार्ग काढला. वाचन छापून घ्यायचं आणि प्रत्येकाच्या हातात कागद द्यायचा, म्हणजे अंकलचं बोलणं कळलं नाही तरी कोणाचं अडायला नको. फादरना कल्पना आवडली. ॲलिसला तर हायसं वाटलं. गावासमोर नवऱ्याचं हसं होऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

रोज दुपारी ती सराव घ्यायची. तो वाचायचा, ती कागदावर बोट ठेवून चुका सांगायची. यशया संदेष्ट्याचा तो उतारा, दुःख भोगणाऱ्या एका माणसाबद्दलचा. त्याला बघून लोक तोंड फिरवतात, अशी त्यात एक ओळ आहे. तिथे आला की ऑगस्टीन हटकून थांबायचा.

"कठीण हाय का?" ॲलिस विचारायची.

"न्हाय. इतकी वरसं नुसती वाचली. आता कळली," तो म्हणाला एकदा. ॲलिसला वाटलं, दमला असेल. तिने पाणी आणून दिलं.

गुड फ्रायडेला चर्च दारापर्यंत भरलं. ऑगस्टीनने सुरुवात केली आणि अख्ख्या गावाने आज्ञाधारकपणे कागदात डोकं घातलं. लॉयडची युक्ती फारच उत्तम लागू पडली होती. वर बघणारा एकही माणूस नव्हता.

त्या ओळीपाशी ऑगस्टीन थांबला.

कागद सळसळले. लोकांनी बोटाने जागा शोधली. पुढचं तर स्वच्छ छापलेलं होतं. लॉयड अर्धवट उठला, फादरनी त्याला हातानेच खाली बसवलं. मग एकेक डोकं वर येऊ लागलं. आधी कॉयरमधली मुलं, मग बाकांवरची, मग दारात उभी असलेली माणसं. ऑगस्टीनच्या हनुवटीवरून लाळ ओघळली, त्याने ती पुसली नाही. सगळं चर्च त्याच्याकडे बघत होतं. तरी तो वाचेना.

पहिल्या बाकावर ॲलिसची मान मात्र अजून कागदातच होती. त्या ओळीवर बोट दाबून ती मनात घोकत होती, वाच रे बाबा, वाच. शेजारी बसलेल्या सुनेने, ॲमंडाने, तिला कोपराने ढोसलं.

"मम्मी, पप्पा तुमच्यासाठी थांबलेत."

ॲलिसने मान वर केली. जखम धुताना, नळीतून भरवताना तो गाल तिने कितीदा पाहिला होता. त्याच्या डोळ्यांत मात्र ऑपरेशननंतर ती आज पहिल्यांदाच बघत होती. तिला रडू कोसळलं. मान खाली घालावीशी फार वाटली, पण तिने घातली नाही.

मग ऑगस्टीनने ती ओळ वाचली.