प्रसादाचे तीन वाडगे

मान्शिकची मोटरसायकल आठवड्यात तीनदा नडली, आणि तीही अंगणातल्या अंगणात. आधी बॅटरी बसली. मग स्टँडवरून गाडी आडवी झाली आणि क्लचचा दांडा मोडला. तिसऱ्यांदा तर त्याच्या बायकोने, उन्रेने, गाडीच्या कागदांच्या पेटीत मुळ्याच्या किमचीचा, म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याचा, डबा कोंबला. तो फुगून फुटला आणि कस्टमच्या फॉर्मवर लाल रस पसरला. "तिकडे काय उपाशी मरायचंय का?" हे वर तिचंच म्हणणं. फॉर्म नव्याने काढण्यात दोन दिवस गेले.

मान्शिकला स्वतःला या प्रवासाचं काही वेड नव्हतं. जायचं होतं ते हाक्चोलसाठी. दोघांनी सिमेंटच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकाच पाळीत काढली. रशियाच्या बोटीत गाडी चढवायची आणि तिकडून थेट मंगोलियाचा माळ गाठायचा, हा बेत तिथल्याच कॅन्टीनमध्ये शिजला आणि दर वर्षी पुढे ढकलला गेला. आता हाक्चोलचे डोळे चालले होते. बांगडीतून बघावं तेवढंच त्याला दिसायचं, आणि ती बांगडी महिन्यागणिक लहान होत होती. हिवाळ्यापर्यंत काही उरणार नाही, असं डॉक्टरने सांगून टाकलं होतं. लायसन्स त्याने आपणहून परत केलं. मागच्या सीटवर बसून का होईना, नजर कुठेच अडत नाही असं गवत त्याला एकदा बघायचं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सातला हाक्चोल डुकराचं मुंडकं घेऊनच दारात उभा. पूजेला हसरंच लागतं, म्हणून चांगलं हसरं बघून आणलं होतं.

"हे काय रे?"

"तीन अपशकुन झाले, लेका. पूजा केल्याशिवाय मी मागे बसणार नाही."

"दहाच्या आत गाडी बंदरात लावायचीय. नाहीतर बोटीत घेणार नाहीत."

"बंदर काय चीनमध्ये आहे? अर्ध्या तासाची वाट!"

मग काय, गाडीपुढे चटई पडली, तिच्यावर मुंडकं मांडलं. सुका मासा पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळून हँडलला बांधला. दोघांनी गुडघे टेकून नमस्कार घातले. "वाटेत अपघात होऊ देऊ नका," हाक्चोल मोठ्याने म्हणाला, म्हणजे देवांच्या ऐकण्यात चूक नको. मक्कोल्ली, ती तांदळाची पांढरी दारू, दोन्ही चाकांवर ओतून झाली आणि उरलेल्यातला वाडगा मान्शिकपुढे आला.

"मला गाडी चालवायचीय."

"हा प्रसाद आहे. प्रसाद कधी चढतो का?"

"घ्या हो," उन्रे म्हणाली. "आज तरी काही वाकडं नको."

पहिला वाडगा पुढच्या चाकाचा. दुसरा मागच्या चाकाचा, नाहीतर ते रुसायचं. तिसरा मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांचा, आणि तो नाकारायचा मान्शिकला काही धीर झाला नाही.

बंदराच्या अलीकडच्या पुलावर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. एका तरुण पोलिसाने नळी पुढे केली. "काका, फुंका." मान्शिकने फुंकलं. आकडा बघून पोलिसालाच ओशाळल्यासारखं झालं.

"काका, सकाळी सकाळी?"

"ती दारू नव्हती," हाक्चोल मागून ओरडला. "पूजेची होती. मी पाजली. मला धरा!"

"गाडी तुम्ही चालवत होता का?"

"मला कुठे चालवता येतंय आता?"

"मग बाजूला बसा, काका."

लायसन्स शंभर दिवस जाणार होतं. मान्शिकने हात जोडले. "काय शिक्षा असेल ती द्या. गाडी टेम्पोत घालून बंदरात नेतो."

"आणि तिकडे चालवणार कोण? इथलं लायसन्स गेलं की परदेशातला परवानाही गेला."

मान्शिकने मनातल्या मनात महिने मोजले. ऑक्टोबर. तिकडे गवतावर बर्फ, आणि इकडे बांगडी बंद. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. साठी उलटलेल्या माणसाला तीन वाडगे नको म्हणता येऊ नये? हाक्चोलवर रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तो राग काही येईना.

पोलीस ठाण्यातून सुटेपर्यंत दुपार झाली. दोघं बंदराच्या वरच्या बांधावर जाऊन बसले. हाक्चोलने हँडलवरून सोडून आणलेला सुका मासा फाडला आणि अर्धा मान्शिकच्या हातात दिला.

"आपण मागितलं काय होतं? वाटेत अपघात नको. झाला का?"

"नाही."

"मग? देवांनी शब्द पाळला."

दोघं हसले. हसता हसता मान्शिकच्या घशात मासा अडकला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"केवढी मोठी आहे रे बोट," हाक्चोल म्हणाला. "आणि किती पांढरी!"

मान्शिकने मान वर केली. बोट डाव्या हाताला होती, निळी, तिचे दोर नुकते सुटत होते. हाक्चोल समोर बघत होता. समोर त्यांच्या कारखान्याची सिमेंटची उंच, पांढरी कोठी उभी होती, जिच्या सावलीत दोघांनी एकतीस वर्षं डबे खाल्ले होते. म्हणजे हिवाळ्याची वाट बघायचंही काही राहिलं नव्हतं, आणि या बाबाने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

भोंगा वाजला.

"सुटली का?" हाक्चोलने विचारलं. "मला हलल्यासारखी वाटत नाही."

"सुटली," मान्शिक म्हणाला. "आता वळतेय बघ."

"हो, हो, वळतेय." आणि हाक्चोल कोठीकडे बघून हात हलवायला लागला.