मुलतानीनंतरची हाक

त्या काळी मुरुडात गाणं ऐकायचं तर दोनच ठिकाणं होती. उत्सवात देवीच्या देवळापुढे, आणि एरवी आनंदा तांडेलाच्या ओटीवर.

आनंदाचा मचवा हर्णैहून मुंबईला जायचा. जाताना सुपारी, नारळ, सुकी मासळी. येताना कापड, कांदे-बटाटे आणि मधोमध गोधडीत गुंडाळलेली एखादी रेकॉर्ड. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. एकट्या माणसाला काही ना काही नाद लागतोच. कुणी बाटलीला लागतो, आनंदा फोनोला लागला. आणि नाद तरी कसला? लावण्या नाहीत, नाटकातली पदं नाहीत. खाँसाहेबांची आणि बाईजींची खानदानी गाणी. सुकाणू धरून बोटं वाकडी झालेला हा रापलेला माणूस कर्ण्यासमोर डोळे मिटून बसला, की वाटेने जाणाऱ्या बायका डोईवरच्या पाट्या न उतरवता क्षणभर थांबायच्या.

एक मात्र होतं. स्वतःच्या कानावर आनंदाचा विश्वास नव्हता. सुरुवातीला दुकानदाराच्या शब्दावर रेकॉर्डी आणून तो पुष्कळ फसला. मग त्याला मुंबईच्या एका साप्ताहिकातलं सदर सापडलं. नव्या रेकॉर्डींचं परीक्षण, आणि खाली सही 'कर्णधार'. नावावरच तो खूश झाला. "सुकाणूवरचा माणूस हाय तो," म्हणायचा. "नेईल तिकडे गुमान जायचं." आगबोटीने साप्ताहिक आलं की आधी परीक्षण वाचायचं, मग रेकॉर्ड आणायची, मग परीक्षण पुन्हा मोठ्याने वाचून ती लावायची. कर्णधाराने तान दाणेदार म्हटली की आनंदाला दाणे ऐकू येत. परीक्षण यायच्या आधी तो कुठल्याच रेकॉर्डीला बरं म्हणत नसे की वाईट.

"आनंदा, आमटीत मीठ बरोबर पडलंय का रे?" ठमाबाई विचारायची. "का पेपरात येईस्तवर थांबू?"

ठमाबाई ही आनंदाच्या बहिणीची, बकुळाची सासू. बहीण आणि बहिणीची सासू एका घरात कशा, तर त्यालाही कारण होतं. बकुळाचा नवरा गंगाराम पडावावर खलाशी होता. एका कार्तिकात कौलं भरून पडाव हर्णैहून सुटला तो मुंबईला पोचलाच नाही. वादळ नव्हतं, खडक नव्हता. फळी लागली नाही, प्रेतही लागलं नाही. बकुळा तेव्हा विशीत होती. आनंदा दोघींना आपल्या घरी घेऊन आला आणि तेव्हापासून तिघांची चूल एक झाली.

प्रेत मिळालं नाही म्हणजे माणूस मेला असं म्हणता येत नाही. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. तोवर बायकोचं कुंकू राहतं. बकुळाचं होतं. आता ती बारा वर्षं भरत आली होती, आणि ठमाबाई माघातला दिवस धरून बसली होती.

"पोर पाण्यात हाय आणि त्याला घोटभर पाणी नाय," ती म्हणायची. "आई असून मला गिळवत नाय गो."

बकुळा यावर बोलत नसे. दुसऱ्या दिवशी तिचं कुंकू जरा मोठं दिसे, एवढंच.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर कर्णधाराने एका रेकॉर्डीची फार तारीफ केली. कोणी उतारवयाचे खाँसाहेब, गेल्याच वर्षी मुंबईत गायलेली त्यांची मुलतानी. ही रागिणी दुपार उतरताना ऐकावी, त्याने लिहिलं होतं, आणि गाणं संपलं तरी सुई लगेच उचलू नये. शेवटच्या सुरानंतरची शांतताही कान देऊन ऐकण्याजोगी आहे. आनंदा एरवी सुई झिजू नये म्हणून गाणं संपताच उचलायचा. पण कर्णधाराने लिहिलं म्हणजे संपलं.

रेकॉर्ड आली. उन्हं माडांतून तिरकी होऊन ओटीवर आल्यावर आनंदाने चावी दिली, नवी सुई बसवली. ठमाबाई सुपारी कातरत होती, बकुळा जाळं विणत होती. खाँसाहेबांचा आवाज थकलेला, पण एकेक सूर असा लावलेला की जणू खोल पाण्यात नांगर सोडतायत. गाणं संपलं. आनंदाने हात उचलला नाही. सुई नुसती खरखरत फिरू लागली.

जुन्या रेकॉर्डींच्या शेवटी गाणारा आपलं नाव सांगायचा. पोरंसोरं त्याची नक्कल करायची. तसंच काही येईल म्हणून बकुळाने मान वर केली.

आणि हाक आली. लांबून, वाऱ्यावरून, हेल काढून मारलेली. तिच्या नावाची. पडाव खाडीच्या तोंडाशी आला की गंगाराम डोलकाठीला धरून उभा राही आणि किनाऱ्याकडे जी हाक मारी, तीच.

बकुळाच्या हातातली जाळ्याची सुई खाली पडली. ती ओ द्यायला तोंड उघडते तोच ठमाबाईचा सुपारीने लाल झालेला हात तिच्या तोंडावर बसला.

"ओ देऊ नको! माणूस दिसल्याबिगर हाकेला ओ द्यायची नाय. जिवंत माणूस एकदा हाक मारून थांबत नाय, तो पुन्हा मारतो."

तिघंही कान देऊन बसली. पुन्हा काही आलं नाही. आनंदाने सुई उचलली.

"दादा," बकुळा म्हणाली, "त्यांचीच हाक."

"त्याचीच," ठमाबाई म्हणाली. तिचा अडकित्ता मांडीवर पडला होता.

आनंदाने रेकॉर्ड पुन्हा लावली. हाक पुन्हा आली, एकदाच, त्याच जागी.

बकुळाचा चेहरा त्या संध्याकाळी असा काही उजळला की शेजारच्या सखूने कुडावरून विचारलं, "काय गो, मुंबईची मनिऑर्डर आली काय?" बकुळाचा हिशेब सरळ होता. रेकॉर्ड गेल्या वर्षीची. त्या खोलीत गेल्या वर्षी तिचा नवरा होता, म्हणजे तो जिता होता. साज उचलायला असेल, झाडलोट करायला असेल. का आला नाही, ते मग बघता येईल. जिवंत माणसाचा पुतळा जाळत नाहीत.

"माझं मन नाय मानत," ठमाबाई म्हणाली. "डबड्यातून हाक मारतो काय कोण आईला?"

"मग कर्णधारालाच विचारतो," आनंदा म्हणाला. "त्याची ऊठबस त्या लोकांत. तो सांगेल ते खरं."

ठमाबाईला कर्णधाराची थट्टा करायला आवडे, पण छापलेल्या अक्षराचा धाक तिलाही होता. त्याचं उत्तर येईतो दिवस धरायचा नाही, हे तिने कबूल केलं. आनंदाने पत्र लिहिलं. रेकॉर्डीच्या शेवटी कोणाची तरी हाक आहे, ती कोणाची एवढं मेहेरबानीने कळवावं. ना गंगारामाचं नाव, ना बकुळाचं. घरातली गोष्ट परक्याला कशाला?

मग बकुळाने आगबोटींची वाट पाहिली. बारा वर्षांत पाहिली नसेल अशी. पौषातल्या एका साप्ताहिकात उत्तर आलं, सदरातच. आनंदा ओटीवर उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागला.

"दापोली तालुक्यातील एका रसिकांच्या सूचनेवरून ही मुलतानी मी पुन्हा ऐकली. त्यांचे कान तीक्ष्ण आहेत. शेवटी हाक आहे."

"बघ!" बकुळा म्हणाली.

"खाँसाहेब आणि त्यांचे साथीदार यांच्याकडे मी चौकशी केली. गाण्याच्या वेळी त्या खोलीत चौघांखेरीज कोणीही नव्हते, आणि हाक त्यांच्यापैकी कोणाची नाही." आनंदाचा आवाज उतरत गेला. "हाक माझ्या नावाची आहे. टोपणनावाची नव्हे, घरातल्या नावाची. आवाज माझ्या धाकट्या भावाचा आहे. त्याला जाऊन सात वर्षे झाली; मीच अग्नी दिला. सवयीने मी ओ दिली. मुद्रण स्वच्छ आहे. संग्राहकांनी ही रेकॉर्ड अवश्य ठेवावी."

आनंदाने अंक मिटला. मग बकुळाने विचारलं, "दादा, तुला काय ऐकू आलं होतं?"

"आनंदा, म्हणून."

"आत्या, तुम्हाला?"

"आये, म्हणाला," ठमाबाई हलकेच म्हणाली. "दुसरं काय म्हणणार तो मला?"

पुढच्या आठवड्याच्या अंकात ते सदर नव्हतं. त्याच्या जागी काळ्या चौकटीत चार ओळी होत्या. आमचे रसज्ञ परीक्षक अल्पशा आजाराने वारले.

आनंदाने रेकॉर्ड फोडायला वरवंटा उचलला. बकुळाने त्याचा हात धरला.

"कर्णधाराने लिहिलंय बकुळे. तो आवाज मेलेल्यांचा. आता आणि काय ऐकायचंय?"

"तो त्याच्या भावाचं बोलला. माझ्या घोवाचं मी ऐकीन," बकुळा म्हणाली. "लोकांच्या बोलण्यावर मी कुंकू पुसलं नाय, तुझ्या पेपराच्या छापण्यावर पुसू काय? एकदा लाव. माझी खात्री पटली तर मी ओ देईन, आणि काय व्हायचं ते माझं होईल."

 आनंदाने वरवंटा ठेवला आणि चावी दिली.

दुपार उतरत होती. समुद्राला ओहोटी लागलेली, एरवीची गाजही ऐकू येत नव्हती. मुलतानी सुरू झाली. बकुळा या वेळी गाण्याकडे लक्ष देत नव्हती. गंगारामाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होती. त्याने आता तिशी ओलांडली असेल. एखाददुसरा केस पिकला असेल. दारापुढे येऊन उभा राहिला तर पाय धुवायला पाणी आधी द्यायचं की गूळ, असलंच काहीतरी तिच्या मनात येत होतं. गाणं संपलं. खरखर सुरू झाली.

हाक आली.

बकुळाने ती पहिल्यांदाच नीट ऐकली. तिच्या नावावरचा हेल, शेवटी जरासा फाटणारा सूर, सगळं तेच. नको इतकं तेच. मिसरूड फुटून दोन-चार वर्षं झालेल्या पोराचा तो आवाज होता, पडावावर चढताना होता तसाच, कोवळा. आनंदा काय कमी सुरेल होता तरुणपणी? खारा वारा, विडी आणि ओरडणं यांनी त्याच्या गळ्याची करवत केली होती. गावातल्या प्रत्येक खलाशाची होते. या आवाजाला मात्र बारा वर्षांत वाराच लागला नव्हता.

तिच्या ओठांवर आलेली ओ तिने गिळली. पदराचा बोळा तोंडात धरला आणि डोळे मिटून घेतले. एवढी वर्षं जी हाक ऐकण्यासाठी ती जगली, तिला तिने उत्तर दिलं नाही.

तेव्हा तिच्या मागून कोणीतरी म्हणालं, "ओ! आले रे बाबा, आले."

ठमाबाई उठून उभी राहिली होती. रडत नव्हती, घाबरलेली नव्हती. पोराने न्हाणीतून पंचा मागावा आणि आईने हातातलं काम टाकून उठावं, तशी. तिने डोक्यावर पदर नीट घेतला आणि मागच्या दाराने वाळूकडे चालू लागली.

बकुळा धावली. पुळणीवर तिने म्हातारीला मिठी मारून थांबवलं. "आत्या, ओ कशाला दिलीत? तुम्हीच म्हणायचात ना, देऊ नको म्हणून?"

"तुला म्हटलं गो," ठमाबाई म्हणाली. "तुझं वय हाय. मी आई. मी नाय तर कोण देणार?"

तिचे हात ओल्या दोरासारखे गार लागत होते. घरात आणून निजवली ती पुन्हा उठली नाही. ताप नाही, खोकला नाही. दिव्यातलं तेल संपावं तशी संक्रांतीच्या आत गेली. शेवटपर्यंत दाराकडे बघून हसत होती.

पुढे माघात पळसाच्या पानांचा पुतळा केला. आईची चिता पेटली त्याच जागी त्याला अग्नी दिला. बायका बांगड्या फोडायला जमल्या, पण बकुळाने कोणाला हात लावू दिला नाही. तिने त्या एकेक करून स्वतःच उतरवल्या आणि पेटीत ठेवल्या.

त्यानंतर आनंदाने रेकॉर्ड फडक्यात बांधली, होडी काढली आणि सुवर्णदुर्गाच्या पलीकडे, खोल पाण्यात सोडली. लाखेची जड तबकडी, लगेच बुडाली. तो परत आला तेव्हा बकुळा किनाऱ्यावर उभी होती. तिने होडीचा दोर धरला.

"येताना मागून काही आलं?" तिने विचारलं.

आनंदा दोर खुंटाला गुंडाळत राहिला.

"मी वल्हवत होतो," तो म्हणाला. "मागं बघितलं नाय."

"ओ दिलीस?"

"नाय."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि दोघं बोलत बोलत घराकडे निघाली, मोठमोठ्याने, भाताचं आणि मचव्याच्या डागडुजीचं, मध्ये जराही खंड पडू न देता.