शेवटचा हात

खोटं तुम्ही लिहिलंत, वरच्या मजल्यावरच्यांनो, आणि खुलासा मागितलात त्या नव्या पोरीकडे. लोक ज्यात पत्रं, प्रबंध, पुस्तकं लिहितात त्या तुमच्या एडिटर प्रोग्रॅमचा कोड अकरा वर्षं कुणी साफ केला नाही. करणार कोण? तुमच्या कचेरीचा नियमच असा की ज्या ओळीला शेवटचा हात ज्याचा, ती ओळ त्याची. नुसता काना-मात्रा सुधारा, पुढे काही बिघडलं की मान तुमची. म्हणून शहाणी माणसं कोडात चुकीची टीप दिसली की खिडकीबाहेर बघायची.

तिला हे कुणी सांगितलं नाही. नोकरी अजून कच्ची होती, पक्की व्हायला दोन महिने बाकी. साहेबांनी बोलावून, बेटा म्हणून, तीनशे बारा फंक्शनं तिच्या गळ्यात घातली. फंक्शन म्हणजे कोडातला गडी, नावाने हाक मारली की ठरलेलं काम करणारा. प्रत्येकाला नीट नाव दे, डोक्यावर दोन ओळींची टीप लिही, मग पक्की झालीसच समज, असं साहेबांचं म्हणणं.

इथे सगळाच कारभार नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. एकाचं नाव ‘करून टाक दोन’. ‘करून टाक एक’ कुठे मेलं, ठाऊक नाही. ‘तपासा’ काहीच तपासत नव्हतं, विचारेल त्याला होय म्हणायचं. त्याला बढती कशी मिळाली नाही याचंच तिला नवल वाटलं. आणि एक होतं ‘झाडलोट’. टीप काय, तर ‘झाडलोट करते’. तिने आतला कोड वाचला. फाइल बंद होताना ते राखीव प्रत पुसून टाकायचं, नवी प्रत नीट साठली की नाही हे न बघता.

ती साहेबांकडे गेली. कोड बदलणं तुझं काम नाही, तू नावाचं बघ, असं उत्तर मिळालं. मग तिने नावाचंच बघितलं. ‘झाडलोट’चं केलं ‘न बघता राखीव प्रत पुसा’, आणि वर खरीखुरी टीप लिहिली. साहेबांनी तीनशे बारा बदल एका चहात मंजूर केले, कप गार व्हायच्या आत.

महिनाभराने एका निवृत्त डॉक्टरीणबाईंचं चारशे पानांचं पुस्तक गेलं. नवी प्रत अर्धवट साठली, जुनी पुसली गेली. वरून विचारणा आली, कोडाचा इतिहास, म्हणजे कुठली ओळ कुणी बदलली त्याची नोंद, उघडला, आणि ओळीवर निघालं तिचं नाव.

शेजारच्या टेबलावरचे काका वीस वर्षं दुसऱ्याच्या ओळीला शिवले नव्हते. ते हळूच म्हणाले, "पोरी, दुसऱ्याच्या विहिरीत डोकावू नये. आतलं मेलेलं मांजर आपलंच ठरतं."

साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "ओळ तुझी आहे."

"त्या ओळीत काय लिहिलंय, तेवढं वाचता का?"

त्यांनी वाचलं. ‘हे फंक्शन न बघता राखीव प्रत पुसतं. लिहिणाऱ्याचं सगळं जाऊ शकतं. ताबडतोब बदलावं.’ ते खुर्चीत मागे रेलले.

"म्हणजे तुला माहीत होतं."

मग मायेने समजावणं सुरू झालं. नजरचुकीने झालं असं लिहून दे, पक्कं करायचं मी बघतो. नाहीतर शुक्रवार शेवटचा. त्या पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं. दाबलं की इतिहासाचं मागचं पान उघडतं, कुणी पहिल्यांदा लिहिलं, पुढचे बदल कुणी मंजूर केले ते दिसतं. साहेबांचा हात तिकडे गेला नाही. तिने ते सकाळीच दाबून पाहिलं होतं, पहिलं नाव वरच्या मजल्यावरचंच निघालं होतं.

जागेवर येऊन तिने खुलासा लिहिला, आणि प्रत वरच्या मजल्यावर सगळ्यांना धाडली:

‘मी नाव बदललं, काम नाही. ते काम मुळात कुणाचं, हे मागच्या पानावर आहे. माझी टीप न वाचता मंजूर कुणी केली, हे त्याच पानावर आहे. नजरचूक माझी नाही, मी नजर टाकली हाच माझा गुन्हा. साहेबांनी ते बटण का दाबलं नाही? शुक्रवारच्या आत, लेखी, सहीनिशी कळवावं.’