चढावर वाहणारं सांडपाणी

वहिनी चार महिने गटारं मोजत होत्या. भर रस्त्यात चेंबरचं झाकण उघडायचं, पट्टी आत सोडायची, खोली वहीत लिहायची आणि घरी येऊन दोनदा आंघोळ करून कॉम्प्युटरवर नकाशा पुढे न्यायचा. सोमवारी सकाळी दहाला तो नगर अभियंत्याला द्यायचा होता. पसंत पडला तर पुढच्या दोन विभागांचं काम त्यांचं, नाहीतर दुसऱ्याचं.

रविवारी सकाळी त्या चहा घेत नकाशावर शेवटची नजर टाकत होत्या, तर त्यात तीन ठिकाणी सांडपाणी चढावर वाहत होतं. एका चेंबरची खोली पस्तीस मीटर वीस होती. वहीत दोन मीटर वीस. एवढा खोल खड्डा तर नगर अभियंत्याच्या कारभारातही नव्हता.

कॉम्प्युटर हे धाकट्या दिराचं क्षेत्र. म्हणजे कामधंदा नव्हे, क्षेत्र.

"भाऊजी, मशीनला काय केलंत?"

भाऊजी खुलले. इतक्या दिवसांत कुणीतरी विचारलं होतं. रॅम, म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामाची स्मृती, बनवणारे भित्रे असतात, तिला मुद्दाम हळू ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काम सुरू झालं त्याच आठवड्यात तिचा वेग वाढवला होता, आणि मागितलेला आकडा हाती देण्याआधी ती जे क्षणभर थांबते, ते थांबणंही कापलं होतं. फायदा सहा टक्के. वेग वाढवणाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचा स्कोअर अजून तिसरा होता.

आणि असे बदल केल्यावर आठ तास चाचणी चालवायची असते ना, ती? वहिनींनी विचारलं.

"वीस मिनिटं चालवली की. आठ तास कोण बसतं?"

तेव्हापासून घाईला लावलेली रॅम अधूनमधून भलताच आकडा परत देत होती, तोंडातून चकार शब्द न काढता. बॅकअपही तिच्याच हातून गेलेले. तीन चुका दिसल्या होत्या. न दिसलेल्या किती, ते सहाशे चाळीस चेंबरांनाच ठाऊक.

"तीनच ना?" भाऊजी म्हणाले. "टक्केवारी काढली तर नगण्य आहे."

वहिनींनी मशीन बंद करून चालू केलं आणि त्या रॅमच्या सेटिंगमध्ये शिरल्या. सगळं पूर्ववत करणार, एवढ्यात भाऊजींनी हात मध्ये घातला.

"एक मिनिट, वहिनी. माझ्या सेटिंगच्या आकड्यांचा फोटो घेतो."

घेतला. हलला म्हणून दुसरा घेतला.

मग वहिनींनी सगळं पूर्ववत केलं आणि बाल्कनीतून सहा वह्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. पानांना वाळका गाळ होता आणि वास अजून ओला होता.

"नंबर वाचायचा, मग खोली. मी स्क्रीनवर ताडून बघते. आणि रुमाल काढा नाकावरचा, ऐकू येत नाही."

भाऊजी दोन बोटांच्या चिमटीत पान धरून वाचू लागले. अकराव्या चेंबरपाशी त्यांनी मान वर केली आणि सगळेच सहाशे चाळीस का, असं हळूच विचारलं.

"बारावा," वहिनी म्हणाल्या. "आणि मधलं थांबणं जरा कापा."