श्वासबाबाच्या दोन कळश्या

निमोण्याच्या पारावर त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. श्वासबाबा लोकांची फुप्फुसं धुऊन काढत होते. हातात ग्लासभर पाणी द्यायचे, पपईच्या देठाच्या नळीनं त्यात फुंकायला लावायचे. निवळशंख पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं.

"सात पिढ्यांचा कफ हाय हा!" बाबा ओरडत. "डागदर छातीचा फोटो काढतो, आम्ही कफच काढतो!"

माझा धाकटा भाऊ हरिबा याचं निम्मं आयुष्य खडी क्रशरच्या धुळीत गेलेलं. चार पावलं चालला की धाप. शिरूरच्या डॉक्टरांनी गोळ्या देऊन सांगितलं होतं, पुण्याला जाऊन तपासणी करा, फुप्फुसातून रक्तात किती हवा उतरते ते मोजतात. हरिबा पुण्याऐवजी गेला बाबांकडं. पहिल्यांदा त्याचं पाणी पांढरं झालं. आज मात्र स्वच्छ राहिलं.

"बरा झालास! गोळ्या घोडनदीत सोड!"

"हरिबा, पार चढताना दोनदा बसलास तू," मी म्हणालो.

"आबा, पाणी खोटं बोलतंय व्हय?"

त्याची बायको तुळजाबाई हरखली होती. देवाचे आभार मानायचे तर आमच्यात हळदीचा भंडारा उधळतात. बाबांजवळ दोन कळश्या होत्या. नव्या माणसाला तांब्याच्या कळशीतलं पाणी, जुन्याला पितळेच्या. तिनं दोन्हीत चिमूट चिमूट हळद टाकली. पितळेतलं पाणी पिवळं झालं. तांब्यातलं लालभडक!

"देवी कोपली! मागं सरा!" बाबा किंचाळले.

"कोपली कशाची?" तुळजाबाई वाकून बघत म्हणाली. "माझी आई हळदीत चुना घालून कुंकू करायची. ह्यात चुना हाय, बाबा."

रांगेत पहिल्यांदाच आलेल्या भागुबाईच्या हातातला ग्लास तांब्याच्या कळशीतूनच भरलेला होता, अजून फुंकायचा राहिला होता. मी तो बाबांपुढं धरला.

"महाराज, तुम्ही फुंका."

"माझं आज मौन हाय."

"सकाळधरनं घसा फोडताय की!" भागुबाई म्हणाली.

लोकांनी फुंकायलाच लावलं. पाणी पांढरं!

"अगं बया, बाबांना बी सात पिढ्यांचा कफ!"

हसण्याच्या गलक्यात बाबा कळश्या टाकून पसार झाले.

चुन्याच्या निवळीत कोणीही फुंकलं, अगदी धडधाकट पैलवानानं, तरी ती पांढरी होते. आपण सोडतो त्या श्वासातल्या वायूचा तो गुण. पितळेच्या कळशीत नुसतं विहिरीचं पाणी होतं, म्हणून जुने रोगी 'बरे' होत.

हरिबा तेवढा हसला नाही. "म्हंजी मी बरा न्हाई?"

"न्हाई. उद्या पुण्याला जाऊ."

तिथं त्याला एक वेगळाच वायू किंचित मिसळलेली हवा ओढून श्वास धरायला लावला. सोडलेल्या श्वासात तो वायू किती परत आला, त्यावरून रक्तात किती गेला ते कळलं. जेवढा जायला हवा, त्याच्या निम्माच गेला होता. डॉक्टर म्हणाले, गेलेलं फुप्फुस परत येत नाही, राहिलेलं राखा. धूळ सोडा, गोळ्या सोडू नका.

हरिबानं क्रशर सोडला. आता मेंढरं राखतो, सावकाश.

कळश्या घासूनपुसून पारावरच ठेवल्यात, येणारेजाणारे पाणी पितात. मंडळी, पुढचा बाबा येईलच. तो फुंकायला सांगेल तेव्हा आधी त्यालाच फुंकायला लावा. आणि धाप लागत असेल, तर पार नका चढू, दवाखाना गाठा.