बुरशीतलं यान

मावशीच्या गॅलरीत एक ग्रह कुजत होता, आणि तो नीट कुजावा म्हणून तिची सख्खी भाची रोज सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडत होती.

ग्रह म्हणजे पत्र्याचे चार मोठे ट्रे. त्यांत भिजवलेला पाव, कुस्करलेले बटाटे आणि जिलेटिन थापलेलं, आणि त्यावर उगवलेली बुरशी. हिरवी, काळी, करडी, एका कोपऱ्यात तर चक्क गुलाबी. भाचीला अकरा मिनिटांची विज्ञानकथेची फिल्म करायची होती. एका परक्या ग्रहावर हजार वर्षांपूर्वी उतरलेलं यान, आतली माणसं कधीच संपलेली, अशी काहीतरी गोष्ट. कॉम्प्युटरवर काही करायचं नाही, सगळं हातानं, सगळं खरं, हा तिचा हट्ट. पण खरं म्हणजे किती खरं, याला काही सुमार? गॅलरीचं दार उघडलं की ओल्या पायपुसण्याचा वास घरभर फिरायचा. मावशीचा नवरा बिचारा गुपचूप ताट उचलून जिन्यात जेवायला बसायचा.

"ही घाण कोण बघणार गं?" मावशी नाकाला रुमाल लावून विचारायची. "त्यातली माणसं कशानं मेली म्हणालीस?"

"ते फिल्ममध्ये सांगितलेलं नाही."

"वासानंच मेली असणार."

मावशी मुळातच भारी किळसवाणी बाई, म्हणजे किळस येणारी. पाकीट चिकटवायला तिनं जन्मात कधी जीभ लावली नाही. एकतीस वर्षं तिनं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं केली. पांढरं कार्डशीट, धारदार ब्लेड, चिमटा आणि हातमोजे. टाचणीच्या डोक्याएवढ्या खिडक्या, पण एकीवर बोटाचा ठसा सापडेल तर शपथ. गिऱ्हाईक यायचं, वाकून बघायचं, खूश व्हायचं. मग खरी इमारत उभी राहायची आणि मॉडेल कचऱ्यात जायचं. एका हॉस्पिटलचं मॉडेल, तिचे चार महिने त्यात गेले होते, तिनं स्वतः मागच्या अंगणात पालथं पडलेलं पाहिलं होतं, आणि त्यावर कुणीतरी चहाचा चोथा ओतला होता. निवृत्त झाली तेव्हा हाताशी दाखवायला एक खोलीसुद्धा उरली नव्हती.

म्हणून भाचीनं यान मागितलं तेव्हा मावशीनं एकच अट घातली.

"शूटिंग झालं की यान माझं. जसं दिलं तसं परत. एक डाग चालणार नाही."

"शप्पथ," भाची म्हणाली.

सहा महिने लागले. दोन फूट लांब, चारशे बारा तुकड्यांचं, पांढरंशुभ्र. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलींच्या नळ्या, औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांची इंजिनं, सगळ्यावर पांढऱ्या रंगाचा हात. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळची जागा मावशीनं आधीच रिकामी करून ठेवली होती. नवऱ्यानं तिथे एकदा वर्तमानपत्र ठेवलं तर त्याची खरडपट्टी निघाली. मधेच एकदा भाची भीत भीत म्हणाली, "मावशी, थोडं मळवायचं का? हजार वर्षं जुनं आहे ना ते."

"हात तोडीन," मावशी म्हणाली, आणि विषय संपला.

अखेर शूटिंगचा दिवस उजाडला. बुरशीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून यान ठेवलं. कॅमेरावाला म्हणजे एक शांत, लांबुळका माणूस. त्याला वास येतच नसावा, कारण तो ट्रेशेजारी बसून बिस्किटं खात होता. निम्मी दृश्यं झाली आणि मोठा दिवा फट्कन गेला. नवा यायला तीन दिवस लागणार होते. तोवर यान जागचं हलवायचं नाही, कॅमेरावाल्यानं बजावलं. केसभर सरकलं तरी आधीचं आणि नंतरचं दृश्य जुळणार नाही. मावशी कुरकुरली, पण कबूल झाली. फक्त धूळ बसू नये म्हणून तिनं वरून प्लास्टिक घातलं आणि डोळ्यांत तेल घालून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या.

चौथ्या दिवशी मावशीनं प्लास्टिक काढलं.

यानाला केस आले होते. प्रत्येक सांध्यातून हिरवट लव बाहेर आली होती, खिडक्यांतून पांढरे तंतू लोंबत होते, आणि पोटाखाली काहीतरी काळं, ओलं, चकाकत होतं. सांधा सोडून मधला कागद मात्र जवळजवळ कोरा. मावशीला शिसारी आली, आणि लगेच कारणही कळलं, त्यानं तर ती आणखीच खचली.

ऑफिसात सगळी मॉडेलं मैद्याच्या खळीनं चिकटवायची पद्धत होती. साहेबांचं मन शेवटच्या क्षणी फिरायचं. मग ओला बोळा लावून अख्खा मजला न फाडता सोडवता यायचा. एकतीस वर्षांची सवय, यानही खळीनंच जोडलं. पण खळीत बुरशी येऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, आणि मोरचुदानं सांध्याला निळसर झाक येते. यान पांढरं हवं होतं ना, शुभ्र! म्हणून बाईसाहेबांनी या खेपेस मोरचूद घातलंच नव्हतं. बुरशीच्या शेजारी तिनं स्वतःच्या हातानं चारशे बारा पानांचं जेवण वाढलं होतं आणि वर झाकण घातलं होतं.

"कुणी हात लावू नका," कॅमेरावाला हळूच म्हणाला. "आधीची दृश्यं टाकून देऊ, सगळं पुन्हा घेऊ."

मावशीनं भाचीकडे पाहिलं. भाचीनं तोंडावर हात धरला होता, वाईट वाटल्यासारखा. पण डोळे लकाकत होते. पोरीला आनंद झाला होता. तो लपवायचा ती मनापासून प्रयत्न करत होती, आणि त्यानं मावशीला बुरशीपेक्षा जास्त किळस आली.

"लाज वाटत नाही तुला? हसतेयस," मावशी म्हणाली.

"हसत नाहीये मावशी."

"आतून हसतेयस."

मावशीनं हातमोजे चढवले, स्पिरिटची बाटली आणि कापूस आणला. आत्ता पुसलं, तुकडे सोडवून वाळवले, नवी खळ लावली, तर महिन्या-दीड महिन्यात यान पुन्हा उभं राहिलं असतं. आणखी एक-दोन दिवस गेले तर कागदाचा लगदा होणार होता. हे तिनं दोघांना स्पष्ट सांगितलं.

भाचीचा चेहरा उतरला. "पूस मावशी," ती म्हणाली. "मी शब्द दिलाय. आम्ही जमवू काहीतरी."

ती हे खरंच बोलत होती, हे मावशीला कळलं. तिनं चिमट्यात स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस धरला आणि कुठून सुरुवात करावी म्हणून वाकली. कॅमेरा चालूच होता, आणि शेजारच्या छोट्या पडद्यावर यान दिसत होतं. मावशीची नजर तिकडे गेली.

पडद्यावर वास नव्हता. तिथे एक प्रचंड यान हजार वर्षं पडून होतं. त्यात कधीतरी माणसं होती, हे बघताक्षणी पटत होतं. मळ उगवला होता तो नेमका तिच्या सांध्यांवरून, आणि एकूण एक रेघ ओळंब्यात होती. एवढी सरळ बुरशी जगात कुणी पाहिली नसेल. सहा महिने खपून तिनं जे केलं होतं ते खेळणं होतं, आणि हे यान होतं. असं वाटल्याबद्दल मावशीला स्वतःचीच किळस आली. कापसातलं स्पिरिट उडून गेलं.

"नाक कोरं आहे," ती अखेर म्हणाली.

"काय?"

"यानाचं नाक. एका कागदाची गुंडाळी आहे ती, तिथे सांधा नाही. बाकीचं मेलेलं दिसतं आणि नाक कालच दुकानातून आणल्यासारखं. डोळे आहेत ना तुम्हाला?"

कॅमेरावाल्यानं पडद्यात पाहिलं आणि मान डोलावली. "खरंय, मावशी. पण आता काय करणार?"

मावशी स्वयंपाकघरात गेली. तिनं मैदा घेतला, पाणी घातलं, मंद आचेवर गुठळी न होऊ देता घोटला. मोरचुदाची पुडी फडताळात होती. तिकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खळ निवल्यावर सगळ्यांत बारीक ब्रश घेऊन ती गॅलरीत आली, श्वास कोंडून वाकली आणि नाकावर रेघा मारू लागली. आडव्या सहा, उभ्या चार. पट्टी न लावता.

"मावशी," भाची म्हणाली, "मग तुला परत काही मिळणार नाही गं."

"दोन दिवस कुणी उघडायचं नाही," मावशी म्हणाली.

तिनं प्लास्टिक पुन्हा घातलं आणि चारी कडा दाबून दाबून बंद केल्या. हातमोजे काढून टाकले. मग बेसिनपाशी जाऊन ती भडाभडा ओकली.