दटावण्यापुरती भाषा

"बाई, माझी पोर माझ्याशी बोलेनाशी झालीय."

रोसाल्बा बालवाडीच्या दारातच उभी होती. स्ट्रॉबेरीच्या शेतातून थेट आलेली, बुटांना चिखल, म्हणून आत येईना.

"काय खाल्लंस गं आज, एवढंच विचारलं, तर कानांवर हात ठेवते. म्हणते, आई, रागावू नको. मी कुठं रागावले हो?"

मारिसेलाबाईंचं डोकं ठणकत होतं. चार वर्षांची अठरा मुलं दिवसभर सांभाळून त्यांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. "शाळेत इंग्रजी शिकतेय ना, म्हणून घरची स्पॅनिश मागे पडतेय. होईल ठीक," त्या म्हणाल्या. रोसाल्बाने मान हलवली आणि लेकीचा, नायेलीचा, हात धरून निघून गेली.

वर्गातल्या मदतनीस चेलो, ज्यांना सगळे मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, म्हणत, टेबलं पुसत होत्या. वीस वर्षं त्या याच वर्गात होत्या. "बाई, उद्या जरा स्वतःचं बोलणं ऐका," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऐकलं. 'खाली बस!' स्पॅनिशमध्ये. 'ढकलू नको!' 'नाक पूस!' तेही स्पॅनिशमध्ये. मग गोष्टीचं पुस्तक उघडलं, आणि आवाज मऊ झाला, भाषा इंग्रजी झाली.

दुपारी नायेली बाहुल्यांशी शाळा-शाळा खेळत होती. बाहुलीवर बोट उगारून ती स्पॅनिशमध्ये ओरडली, "गप्प बस! किती वेळा सांगायचं तुला?" मग तिला मांडीवर घेऊन इंग्रजीत गोड आवाजात गोष्ट सांगू लागली.

अरे देवा! हा तर हुबेहूब आपलाच आवाज!

"मी तरी काय करू, चेलो?" बाई खुर्चीत कोसळल्या. "वर्ग तपासायला येतात ते इंग्रजीच ऐकायला येतात. आणि दमलं की तोंडून घरचीच भाषा निघते."

"निघू दे की! पण दमल्यावरच का? तुमच्या तोंडी आपली भाषा केरसुणीसारखी झालीय. केर काढला की दाराआड. पोरांना वाटतं, ही भाषा ओरडायचीच. मग आई बोलली तरी ती घाबरणारच!"

शिकवायला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत बाईंनी एकही गोष्ट स्पॅनिशमध्ये सांगितली नव्हती.

दुसऱ्या सकाळी कुंडीजवळ एक गोगलगाय सापडली. मुलं गोळा झाली. बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, "नायेली, ही आपलं घर पाठीवर का घेऊन फिरते?"

नायेलीने हात पाठीमागे लपवले. "मी काही नाही केलं!"

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "नाही गं बाळा, रागावत नाहीये. मला खरंच माहीत नाही. तू सांग."

नायेलीने गोगलगायीकडे निरखून पाहिलं. मग हळूच, स्पॅनिशमध्येच, उत्तर आलं, "तिची आई पहाटेच कामाला जाते. मग घर कुणापाशी ठेवणार?"

एका दिवसात काही बदललं नाही. दमणं होतंच, ओरडणंही अधूनमधून होतंच. पण आता रोज एक गोष्ट स्पॅनिशमध्ये होऊ लागली. तीन आठवड्यांनी दारात रोसाल्बाने भीतभीतच विचारलं, "आज काय केलंस गं?" आणि नायेली जी सुरू झाली, ती फाटकाबाहेर जाईपर्यंत थांबली नाही. रोसाल्बाने मागे वळून बाईंकडे पाहिलं. एका हातात नायेलीचा हात, दुसऱ्यात तिचं दप्तर; डोळे पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता.

वाचकहो, मुलाला कितीही भाषा शिकवा, त्याने काही बिघडत नाही. पण घरची भाषा नुसती दटावण्यापुरती ठेवू नका. जिच्यात कुणी गोष्ट सांगत नाही, कुणी 'का?' विचारत नाही, ती भाषा मूल टाकून देतं. आणि तिच्याबरोबर ती बोलणारी आईही त्याला परकी होते.